‘सिस्टर नुसती बॅटरी मारते’

फॅमिली ग्रुपवर फिरणाऱ्या एका मेसेजचं सार असं: दवाखान्यात नर्स डोळे तपासते म्हणजे तक्ता वाचायला लावते आणि बॅटरी मारते. तक्ता मोबाइलवर मिळतो, तो घरीच वाचा. शेवटची ओळ वाचता आली की डोळे फर्स्ट क्लास. तपासताना चष्मा काढा, तरच खरी नजर कळते. बॅटरी हा नुसता देखावा. डोळा लाल झाला तर डोळे आलेत, मेडिकलमधून ड्रॉप आणा. काही उडालं तर साजूक तूप घाला.

यातलं पहिलं वाक्य खरं आहे. नर्स तक्ता वाचायला लावते आणि बॅटरी मारते. बाकीचं एकेक करून बघू.

‘तक्ता मोबाइलवर मिळतो’

चित्र मिळतं, तक्ता मिळत नाही. हर्मन स्नेलेन या डच डॉक्टरांनी १८६२ मध्ये हा तक्ता आणला तो कोनाच्या हिशोबावर. ६/६ मध्ये पहिला आकडा म्हणजे तक्ता किती मीटरवर आहे, दुसरा म्हणजे ती ओळ चांगल्या नजरेला किती मीटरवरून वाचता येते. ६/६ च्या ओळीतलं अक्षर ६ मीटरवरून डोळ्याशी ५ मिनिटांचा कोन करतं. (एका अंशात अशी ६० मिनिटं.) त्यासाठी अक्षराची उंची ८.७ मिमी लागते, आणि सगळ्यात वरच्या ६/६० च्या अक्षराची ८७ मिमी. खोली लहान असेल तर ३ मीटरचा तक्ता वापरतात, त्यात सगळी मापं निम्मी. फॉरवर्ड झालेलं चित्र प्रत्येक फोनवर वेगळ्या आकाराचं दिसतं, बोटांनी ताणलं की आणखी वेगळं. ४० सेंमीवर धरलेल्या फोनवर ६/६ चं अक्षर जेमतेम ०.६ मिमी असायला हवं. पट्टी लावून बघा, आपल्या फोनवरची शेवटची ओळ किती भरते ते.

याहून मोठी गफलत अंतराची. ज्या मुलाचा नंबर उणे ३ आहे त्याला ३३ सेंमीवरचं सगळं लख्ख दिसतं, फळ्यावरचं दिसत नाही. म्हणजे ज्याला चष्म्याची खरी गरज आहे, नेमकं तेच पोर मोबाइलच्या तक्त्यावर पैकीच्या पैकी मार्क घेऊन पास होणार. अक्षराचं माप जुळवून ठरलेल्या अंतरावरून वापरायची अॅप आहेत, पण ती आणि ग्रुपवर आलेलं चित्र यांचा संबंध नाही.

‘शेवटची ओळ वाचता आली की झालं’

कोणत्या डोळ्याने? दोन्ही उघडे ठेवून वाचलं तर चांगला डोळा वाचतो आणि अधू डोळा त्याच्या आडोशाने सुटतो. म्हणून आधी उजवा, मग डावा. दुसरा डोळा झाकायचा तो तळहाताने किंवा झाकणीने, बोटांनी नाही. बोटांच्या फटीतून दिसतं, आणि बोटांनी बुबुळ दाबलं गेलं तर त्या डोळ्याची पाळी आल्यावर काही वेळ धूसरच दिसतं. लहान मुलं मान तिरकी करून झाकणीच्या कडेने बघतात. ती लबाडी नसते, त्यांना बिचाऱ्यांना उत्तर बरोबर द्यायचं असतं. दुसऱ्या डोळ्याला तीच ओळ उलटीकडून वाचायला लावावी, नाहीतर पाठांतराची परीक्षा होते. अक्षरओळख नसेल तर इंग्रजी ‘E’चा तक्ता: टोकं कुठल्या बाजूला आहेत ते रुग्ण हाताने दाखवतो.

अंदाजाने सांगा म्हटलं की बरेच जण आणखी एक ओळ खाली उतरतात. ‘दिसत नाही’ या पहिल्या उत्तरावर थांबलं तर नजर आहे त्याहून कमी लिहिली जाते. ६/९ च्या ओळीत दोन अक्षरं चुकली तर ‘६/९ उणे २’ असं लिहितात.

वरचं मोठं अक्षरही दिसलं नाही तर रुग्णाला एकेक मीटर पुढे आणतात: ५/६०, ४/६०, असं १/६० पर्यंत. तिथेही नाही जमलं तर बोटं मोजायला सांगायची आणि किती अंतरावरून ते लिहायचं. मग हाताची हालचाल. मग उजेड कळतो का, आणि कळत असेल तर चारही बाजूंपैकी कुठून येतोय ते सांगता येतं का. ‘उजेड नाही’ हा शेवटचा शेरा. तो लिहिण्याआधी दुसरा डोळा नीट बंद आहे याची खात्री करावी लागते, कारण प्रखर उजेड पातळ पापणीतूनही जाणवतो. ‘दिसत नाही’ एवढंच लिहिलेला केस पेपर पुढच्या डॉक्टरच्या काहीच कामाचा नसतो.

आता मूळ मुद्दा. ६/६ म्हणजे डोळ्याच्या आतल्या पडद्याच्या मधल्या बारीकशा भागाचं काम ठीक चाललंय, इतकंच. काचबिंदू कडेची नजर आधी खातो, मधली शेवटपर्यंत शाबूत ठेवतो. मधुमेहाने पडद्यावर रक्तस्राव सुरू झालेला माणूसही शेवटची ओळ वाचू शकतो. बाजूची नजर अंदाजायला उपकरण लागत नाही. रुग्णासमोर हातभर अंतरावर बसायचं. त्याने डावा डोळा झाकला तर आपण उजवा मिटायचा, म्हणजे दोघांचं क्षेत्र सारखं होतं. त्याने आपल्या डोळ्याकडेच बघायचं. मग दोघांच्या मधोमध, कडेकडून, बोटं आत आणायची किंवा एका कोपऱ्यात एक-दोन बोटं दाखवून मोजायला सांगायचं. चारही कोपरे करायचे. आपल्याला दिसतंय आणि त्याला नाही, तर काहीतरी हुकलंय. बारीक दोष यात सुटतात, पण अर्धी बाजू गेलेली लगेच सापडते. पक्षाघाताच्या वॉर्डात हे जेवणाच्या ताटावरही दिसतं. भात-भाजी उजव्या बाजूची संपलेली, डावीकडची पोळी तशीच. ‘आजी जेवत नाहीत’ अशी नोंद होते. आजींना पोळी दिसतच नाही. ताट फिरवून बघावं.

‘चष्मा काढा, तरच खरी नजर कळते’

खरी म्हणजे कुठली? माणूस ज्या नजरेने रस्ता ओलांडतो ती चष्म्यासह असते. भारताच्या अंधत्व नियंत्रण कार्यक्रमाने २०१७ मध्ये व्याख्या बदलली: चांगल्या डोळ्याची नजर ३/६० पेक्षा कमी असेल तर अंधत्व. त्याआधी ही रेघ ६/६० वर होती. आणि ही नजर मोजतात ती माणूस रोज जसा वावरतो तशी, चष्मा असेल तर चष्मा लावून. दवाखान्यात दोन्ही मोजाव्यात, पण कुठली कशी घेतली ते आकड्याशेजारी लिहावं. वाचायचा चष्मा लावून लांबचा तक्ता वाचायला लावणं ही ओपीडीतली नेहमीची चूक. चाळिशी ओलांडलेल्याची नजर त्यात उगाच कमी भरते.

नजर ६/६ पेक्षा कमी आली की काळ्या झाकणीतल्या साधारण १.२ मिमीच्या भोकातून पुन्हा वाचायला लावतात. दोन ओळी सुधारल्या तर बहुधा दोष नंबरचा आहे. सुधारल्या नाहीत, किंवा बिघडल्या, तर मोतीबिंदू, पडदा, नस, आळशी डोळा यांच्याकडे बघावं लागतं. मिनिटभराचं काम, आणि रुग्णाला चष्म्याच्या दुकानात पाठवायचं की डोळ्यांच्या डॉक्टरकडे याची दिशा त्यातून मिळते.

‘बॅटरी हा नुसता देखावा’

इथे जरा थांबू, कारण मेसेजमधलं सगळ्यात चुकीचं वाक्य हे आहे.

बाहुली बघायची रीत अशी. खोलीतला उजेड कमी करायचा. रुग्णाने लांब बघायचं, कारण जवळ बघताना बाहुली आपोआप बारीक होते आणि ते श्रेय चुकून बॅटरीला जातं. आधी दोन्ही बाहुल्यांचा आकार मिमीमध्ये लिहायचा. मग उजेड समोरून नाही, बाजूने आणायचा. ज्या डोळ्यावर उजेड पडला तो आकसतो का, आणि उजेड न पडलेला दुसराही सोबत आकसतो का, दोन्ही बघायचं. त्यानंतर उजेड एका डोळ्यावर दोन-तीन सेकंद, झटकन दुसऱ्यावर, परत पहिल्यावर. उजेड आल्यावर एखादी बाहुली आकसायच्या ऐवजी मोठी होत गेली, तर त्या डोळ्याची नस किंवा बराचसा पडदा दुखावलाय. मोबाइलचा फ्लॅश यासाठी वापरू नये. रुग्ण डोळे घट्ट मिटतो आणि बघायचं राहून जातं.

याचा उपयोग मोतीबिंदूच्या शिबिरात बघा. पिकलेला, पांढराफटक मोतीबिंदू. आत पडदा दिसत नाही, नजर फक्त उजेडापुरती. ऑपरेशनने दिसेल का? मोतीबिंदू कितीही दाट असला तरी त्याने बाहुलीचा हा दोष येत नाही. म्हणून बाहुली चोख आकसत असेल आणि उजेडाची दिशा चारही बाजूंनी सांगता येत असेल, तर आशा धरायला जागा आहे. नाहीतर घरच्यांना आधीच सांगावं लागतं. आणि ही तपासणी बाहुली मोठी करायचे थेंब घालण्याआधीच होते. घाईत थेंब आधी पडले की पुढचे काही तास बॅटरी खरंच देखाव्यापुरती उरते.

डोक्याला मार लागलेल्या रुग्णाची बाहुली दर अर्ध्या तासाला, कधी त्याहूनही लवकर बघतात. मेंदूवर दाब वाढला की त्या बाजूची तिसरी नस (बाहुली आकसवणारी) चेपली जाते आणि बाहुली मोठी व मंद होऊ लागते. मागची नोंद ३ मिमी तत्पर आणि आताची ५ मिमी मंद असेल, तर डॉक्टरला फोन आत्ताच करायचा, राउंडची वाट बघायची नाही. मागची नोंद नसेल तर ही ५ मिमी आताची की आधीपासूनची, ते कळत नाही. काही निरोगी माणसांच्या बाहुल्यांत मिलिमीटरभर फरक मुळातच असतो. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर बाहुली वेडीवाकडी राहू शकते. काचबिंदूच्या काही थेंबांनी बारीक होते. दम्याचं इप्राट्रोपियम मास्कच्या फटीतून एका डोळ्यात गेलं तर तेवढीच बाहुली मोठी होते आणि वॉर्डभर धावपळ उडते. आणि ‘दोन्ही बाहुल्या समान, तत्पर’ हे वाक्य इतकं सवयीचं झालंय की ते काचेच्या डोळ्यापुढेही लिहिलं जातं. रुग्णाची शुद्ध गुणांत मोजायच्या ग्लासगो स्केलमध्येही अशीच एक चूक होते: सुजेने पापण्या उघडतच नसतील तर डोळ्यांना १ गुण द्यायचा नसतो, ‘बंद’ असं लिहायचं असतं.

फवारणीच्या हंगामात घाम, लाळ, उलट्या आणि टाचणीच्या टोकाएवढी बाहुली घेऊन आलेला शेतमजूर बघून ऑर्गनोफॉस्फेट या कीटकनाशकाच्या विषबाधेची शंका तिथल्या तिथे येते. यवतमाळला २०१७ मध्ये फवारणीच्या विषबाधेने शेतकरी, शेतमजूर दगावले ते विसरायला नको. मात्र बाहुली बारीक नाही म्हणून विषबाधा नाही, असं मानू नये. अॅट्रोपिन हा उतारा चालू केल्यावरही नुसत्या बाहुलीवर डोस ठरत नाही. छाती मोकळी झाली का, नाडी आणि रक्तदाब कुठे आहेत, काख कोरडी आहे का, हे सोबत बघतात.

मण्यारीचा दंश आणखी फसवा. जमिनीवर झोपलेल्या माणसाला रात्री चावते, सूज नाही, वेदना नाममात्र. पहाटे पोटात दुखतं आणि पापण्या जड होतात. रुग्णाला वर बघायला सांगून थोडा वेळ तसंच राहू द्यायचं. पापण्या हळूहळू खाली येतात, कपाळाला आठ्या घालून तो त्या उचलायचा प्रयत्न करतो. दोन पापण्यांमधलं अंतर पट्टीने मोजून वेळेसह लिहायचं. यानंतर पाळी श्वासाच्या स्नायूंची असते. पूर्ण लुळ्या पडलेल्या अशा रुग्णाच्या बाहुल्या मोठ्या आणि स्थिर होऊ शकतात, उजेडाला हलत नाहीत, आणि तरीही आत तो शुद्धीवर असतो, सगळं ऐकत असतो. त्याच्या उशाशी ‘आता काही राहिलं नाही’ असं बोलू नये.

‘लाल म्हणजे डोळे आले’

डोळे आले असतील तर चिकटा असतो, खुपतं, पण चिकटा पुसल्यावर नजर ठीक असते आणि बाहुली नेहमीसारखी. लाल डोळ्याच्या जोडीला कमी झालेली नजर, किंवा खोल ठणका, किंवा उजेड सहन न होणं, किंवा बुबुळावर पांढरा डाग: यातलं काहीही असलं की मेडिकलचा थेंब नाही, त्याच दिवशी डॉक्टर. बाहुली अर्धवट मोठी होऊन थिजलेली, बुबुळ धुरकट, डोकं फुटेल असं दुखतंय, उलट्या होतायत, तर काचबिंदूचा अचानक झटका. उलट्यांमुळे असे रुग्ण पित्ताचे म्हणून बसवून ठेवले जातात. मेडिकलमधल्या ‘लाल डोळ्याच्या’ थेंबात स्टिरॉइड असलं तर बुबुळावरची जखम चिघळते.

‘काही उडालं तर तूप घाला’

नको. तूप, मध, दूध, काहीच नको. फक्त पाणी, आणि तेही लगेच.

नजर आधी मोजायची हा डोळ्यांच्या कामातला पहिला नियम. रसायन गेलेला डोळा हा त्याला अपवाद: आधी धुवायचं, नंतर मोजायचं. तंबाखूबरोबरची चुन्याची पुडी किंवा ट्यूब पोरं खेळता खेळता दाबतात आणि पिचकारी थेट डोळ्यात जाते. चुना हा अल्कली आहे, तो आम्लासारखा वरवर थांबत नाही, आत झिरपत जातो. घरीच नळाखाली किंवा तांब्याने धार धरायची, मान दुखऱ्या डोळ्याकडे कलती, म्हणजे पाणी चांगल्या डोळ्यात जात नाही. दवाखान्यात बधिर करायचा थेंब टाकून सलाइनच्या बाटलीला आयव्ही सेट लावून धार सोडतात, निदान अर्धा तास. मग खालच्या पापणीत पीएचचा कागद टेकवून पीएच (आम्ल-अल्कलीचं माप) बघायचा. तो ७ ते ७.४ च्या आसपास हवा. शंका असेल तर चांगल्या डोळ्याशी ताडायचा. धार थांबवल्यावर पाच-दहा मिनिटांनी तो पुन्हा बघायचा. चढलेला दिसला तर चुन्याचे कण अजून आत आहेत, बहुतेक वरच्या पापणीच्या मागच्या खोबणीत. पापणी एकदा उलटवून ते दिसत नाहीत. दुसऱ्यांदा वर उचलून आत ओला कापूस फिरवावा लागतो, आणि मग पुन्हा धार.