घर घ्या, पण घराकडे पाहू नका

सांगलीत जुने घर विकत घेण्याचे आपण ठरवले असेल, तर एक पथ्य कटाक्षाने पाळा : बांधकामाची तपासणी करणारा अभियंता आणि वाळवी ओळखणारा परवानाधारक माणूस, या दोघांपैकी कोणालाही खरेदीखत होईपर्यंत त्या घराच्या उंबऱ्याला पाय लावू देऊ नका. ही माणसे भिंतींवर टकटक करतात, माळ्यावर चढतात आणि जे दिसले ते लिहूनही देतात. जमत आलेल्या व्यवहारात इतका अशुभ कागद दुसरा नाही.

बाकी चौकशी आपण यथासांग केलेलीच असते. वकिलाने तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट काढलेला असतो, त्यामुळे जागा कोणत्या आजोबांकडून कोणत्या पुतण्याकडे गेली आणि कोणत्या आत्याने हक्कसोड लिहून दिले, हे तोंडपाठ होते. वास्तुतज्ज्ञ होकायंत्र घेऊन येऊन जातात आणि स्वयंपाकघराची दिशा बदलायला सांगतात. त्या तीस वर्षांत भिंतीच्या पोटात काय घडले, हे मात्र प्रॉपर्टी कार्डावर चढत नाही, आणि जे कार्डावर चढत नाही त्याला आपल्याकडे अस्तित्व नसते.

घर पाहायला मे महिन्यात, भर दुपारी जावे. त्या वेळी ओल सुकलेली असते, रंग ताजा असतो आणि मालकीणबाई कोकम सरबत देतात. घर गावभागात असेल आणि प्रत्येक खोलीत जमिनीपासून नेमक्या एकाच उंचीवर गिलावा किंचित फुगलेला दिसला, तर ती रंगाची फॅशन समजावी. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट असून ऑगस्ट २०१९मध्ये पाणी ५७ फुटांवर गेले होते, ही माहिती सांगलीकराला कोणी सांगावी लागत नाही; पण घर आवडले की ती तेवढ्यापुरती विसरता येते. ‘आमच्याकडे पाणी फक्त पायरीला लागलं होतं’ असे मालक म्हणतील. ती पायरी जिन्याची कितवी, हे विचारणे असभ्यपणाचे ठरते.

वाळवीच्या बाबतीत तर अज्ञानासारखे सुख नाही. हा जीव जमिनीत राहतो, ओलाव्यावर जगतो आणि मातीच्या बारीक नळ्या बांधून भिंतीवरून लाकडापर्यंत पोहोचतो. लाकूड तो आतून खातो, आणि वरचा पातळ पापुद्रा व त्यावरचा ऑइलपेंट तेवढा शिल्लक ठेवतो. इतका सौजन्यशील भाडेकरू आपल्याला मिळणार नाही. जाणकार माणूस चौकटीवर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकून आवाज पोकळ येतो का ते ऐकतो. मातीची नळी मध्येच मोडून ठेवतो आणि काही दिवसांनी ती पुन्हा सांधली गेली आहे का, हे पाहायला परत येतो. इतका वेळ कोणाला आहे? पहिल्या वळवानंतर ट्यूबलाइटभोवती पंखवाले किडे जमले आणि सकाळी खिडकीत पंखांचा सडा पडला, तर केरसुणी फिरवावी व विषय संपवावा.

आम्ही स्वतः हे सारे पथ्य पाळले होते. वास्तुशांतीच्या सकाळी मुख्य चौकटीला तोरण लावण्यासाठी मी खिळा धरला आणि हातोडी आणायला मुलाला पाठवले. तो परत येण्याआधीच, सहज अंगठ्याने दाबला गेलेला खिळा डोक्यापर्यंत आत गेला. सागवानी म्हणून कौतुक झालेल्या त्या चौकटीतून भुरभुर माती गुरुजींच्या कलशात पडली. व्यवहार जुळवून देणारे एजंट जेवायला आलेच होते, ते म्हणाले, “जुनं लाकूड आहे साहेब, मुरलेलं.”

भेगांविषयी फार लिहीत नाही. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, त्यामुळे पाया तिला साजेसा नसला तर खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग निघते. तिच्यासमोर कॅलेंडर टांगावे. भेग लांबली की मोठ्या आकाराचे घ्यावे.

पुढे उपचारांची वेळ आली, तरीही धीर सोडू नये. जमीन आणि भिंतीच्या सांध्यात ठरावीक अंतरावर छिद्रे पाडून त्यांत योग्य मात्रेत औषध भरणे, ही रीत भारतीय मानक ६३१३च्या तिसऱ्या भागात दिलेली आहे, आणि पैसे घेऊन असे काम करणाऱ्याकडे १९६८च्या कीटकनाशक कायद्याखालचा परवाना असावा लागतो. आपण मात्र शेजाऱ्यांच्या सल्ल्याने पाच लिटर रॉकेल ओतावे. त्याने दिसणारी वाळवी मरते, न दिसणारी शेजारच्या खोलीत जाते, आणि घराला आठ दिवस जुन्या रेशन दुकानाचा वास येतो.

एक गोष्ट तेवढी सांगायची राहिली. ताबा घेतल्यावर माळा आवरताना आम्हाला आधीच्या मालकांची पुट्टीची अर्धी बादली सापडली, झाकण घट्ट लावलेली. ती आम्ही टाकली नाही. पुढच्या मे महिन्यात आमच्याकडे गिऱ्हाईक येणार आहे. माणसे सज्जन वाटतात, आणि सोबत वास्तुतज्ज्ञ आणणार आहेत.