चाक फाकलंय, जावईबापू

चाळिशीनंतर रिमोटच्या ट्रकचं वेड लागलं की घरचे त्याला छंद म्हणत नाहीत, 'त्यांचं काहीतरी चालू असतं' एवढंच म्हणतात. माझा ट्रक खऱ्याच्या एक दशांश मापाचा, दोन-सव्वादोन किलोचा, ब्रशलेस मोटरचा. पळायला बेफाम. फक्त सरळ पळत नाही. स्टिअरिंगवरचं बोट काढलं की उजवीकडं ओढतो, आणि आमच्या गल्लीत उजवीकडं नाली आहे.

'जगात जर्मनी, भारतात परभणी' असं आम्ही छाती फुगवून म्हणतो खरं. पण एकदा मोंढ्यापासून स्टेशन रोडपर्यंत या ट्रकच्या शॉकअपचं तेल मागून बघा. सिलिकॉनचं, 350 सीएसटीचं (हे तेलाच्या घट्टपणाचं माप), अर्धी वाटी. दुकानदार "बुलेटचं का प्लॅटिनाचं?" विचारतो आणि लिटरचा डबा काढतो. म्हणजे सगळं कुरिअरनं मागवायचं आणि कुरिअरवाल्याच्या "साहेब, पत्ता नीट सांगा की" या फोनची वाट बघायची.

सासरे एसटीच्या वर्कशॉपातून रिटायर झालेले. मी त्यांना मामा म्हणतो. ते मला जावईबापू म्हणतात, पण ट्रक हातात असला की नुसतं "अहो" म्हणतात. त्यांनी एकदाच ट्रक पळताना पाहिला. "एका बाजूचा बैल लंगडल्यावानी चालायली ही," म्हणाले. मग अंगणात पालथं पडून, फरशीला गाल लावून त्यांनी निकाल दिला, "म्होरलं चाक फाकलंय."

निदान बरोबर होतं. वरून पाहिलं तर उजव्या चाकाचं पुढचं टोक बाहेर गेलेलं. याला टो-आउट म्हणतात. दोन्ही बाजूंना किंचित आणि सारखं असेल तर गाडी वळायला चलाख होते. एकाच बाजूला असेल तर नाली. मामा लगेच पान्हा घेऊन रॉड फिरवायला निघाले, तेव्हा मी आडवा पडलो. या कामाला क्रम असतो. आधी रिमोटचा ट्रिम, म्हणजे स्टिअरिंग किंचित इकडं-तिकडं करायचं बटण, शून्यावर, मग चाकं वळवणाऱ्या छोट्या मोटरचा, म्हणजे सर्वोचा, हॉर्न (तिची दांडी) मध्यावर, मग गाडीची उंची. उंची बघताना बॅटरी आत हवी, कारण रिकामा ट्रक वर उचललेला राहतो. "रिकाम्या एसटीचं बी तेच," मामा म्हणाले, आणि लग्नानंतर पहिल्यांदा मला त्यांच्या डोळ्यांत आदर दिसला.

उंची ठरली की कॅम्बर, म्हणजे चाकाचा उभा कल. चाकाचा माथा एक-दोन अंश आत झुकलेला हवा. हे मोजायला खास पट्टी मिळते, पण आमच्या शेजारी गवंडीकाका राहतात आणि त्यांना ओळंबा आणि गुण्या सोडून कशावर विश्वास नाही. त्यांनी गुण्या लावला, एक डोळा मिटला आणि चाक काटकोनात आणायला सांगितलं. मी म्हटलं, थोडं आत कललेलंच ठेवायचंय. "मुद्दाम वाकडं?" असं म्हणून ते उठून गेले. चहा अर्धा राहिला.

चाकाचा हा कल आणि टो ज्या रॉडनं बदलतात तो टर्नबकल मात्र फार सभ्य वस्तू. एका टोकाला उजवे आटे, दुसऱ्या टोकाला डावे. जागेवरच फिरवा, रॉड लांब होतो किंवा आखूड. अट एवढीच, की सगळे एकाच दिशेनं बसवायचे, नाहीतर रात्री अकराला कोणता कुठं फिरवायचा यावरून घरात पक्ष पडतात. रॉडच्या टोकाच्या सांध्यात, म्हणजे बॉलकपमध्ये, काळ्या मातीची धूळ शिरून तो झिजला असेल तर कितीही मोजा, चाक डुगडुगणारच.

सुट्या भागांची निवड हे वेगळंच लग्न जमवणं. मुलाला निळ्या अॅल्युमिनियमच्या आर्म, म्हणजे चाकं धरणाऱ्या दांड्या, हव्या होत्या, कारण चमकतात. मामांना लोखंडाच्या, कारण लोखंड आहे. मी काळ्या नायलॉनवर अडून बसलो आणि अजून बसलेलो आहे. ट्रक ताशी चाळीसच्या वेगानं दुभाजकाला धडकला की त्या दणक्याला कुठंतरी जायचंच असतं. नायलॉन लवतं आणि परत येतं. अॅल्युमिनियम एक तर वाकून तसंच राहतं, नाहीतर धक्का पुढं हिंज पिनला (आर्मच्या बिजागरीच्या खिळीला) आणि बल्कहेडला (ती बसते त्या चौकटीला) देऊन स्वतः चमकत बसतं. (असे सहकारी ऑफिसातही असतात.) शॉकच्या टोपणाला मात्र मी अॅल्युमिनियमच घेतो, प्लास्टिकचे आटे गेले की तेल पाझरतं.

त्या तेलाचं आणि आमच्या हवेचं पटत नाही. मे महिन्यात इथं पारा बेचाळीसच्या वर जातो, तेल पातळ होतं आणि ट्रक खड्ड्यावरून उड्या मारत सुटतो. थंडीत कृषी विद्यापीठाचा तापमानाचा आकडा पेपरात छापून येतो, तेव्हा तेच तेल घट्ट होतं. उन्हाळ्यात जाड तेल भरावं लागतं, हे मी जेवताना समजावत होतो, तेव्हा बायको कूलरबद्दल काहीतरी बोलत होती.

आता खरी अडचण, तपासायचं कुठं? डांबरी रस्ता पाणी वाहून जावं म्हणून मधे उंच असतो, त्यावर कुठलीही गाडी कडेला ओढते. अंगणाची फरशी मोरीकडं उतरती. सपाट जमीन शोधत आम्ही वसमत रोडच्या एका मंगल कार्यालयात पोचलो. चातुर्मास, त्यामुळं हॉल रिकामा. ट्रिम शून्य, बोट बाजूला, ट्रक दारापासून थेट स्टेजपर्यंत सरळ गेला. मामांनी टाळी वाजवली.

टाळी ऐकून मॅनेजर पावतीपुस्तक घेऊन आला. "कार्य कोणतं लिहू? लग्न का मुंज?"

"बारसं लिहा," मामा म्हणाले. "त्याचं भाडं कमी असतंय."