‘स्वित्झर्लंडला तरी कुठे समुद्र आहे?’

सर, नमस्कार.

लाओसवरच्या लेखावर तुम्ही चांगलंच झोडपलंत. तुमचं म्हणणं असं : गरिबीचं खापर मी समुद्र नसण्यावर फोडतो, पण समुद्र तर स्वित्झर्लंडलाही नाही, खरं कारण म्हणजे भाताच्या एका पिकावर निवांत बसणारी आळशी माणसं, आणि आता चीनची रेल्वे आल्यावर अडलंय काय?

पहिल्या मुद्द्यात तुम्ही मला पकडलंत. लाओसच्या मेकाँग नदीला मी ‘समुद्राकडे जाणारा रस्ता’ म्हटलं आणि पुढच्याच परिच्छेदात समुद्र नाही म्हणून रडलो. ते वाक्य आज काढून टाकलं. मेकाँग तसा रस्ता नाहीच. स्वित्झर्लंडची ऱ्हाईन नदी मात्र आहे : बाझलच्या बंदरातून मालवाहू बोटी थेट समुद्रावरचं रॉटरडॅम बंदर गाठतात. मेकाँगवर कंबोडियाच्या सीमेलगत खोनचे धबधबे आडवे पडलेत. उंची जेमतेम वीसेक मीटर, पण नदी तिथे असंख्य बेटांमधून फुटून किलोमीटरच्या किलोमीटर पसरते. या नदीने चीनपर्यंत व्यापार न्यायचा, या आशेने फ्रेंचांची मोहीम १८६६ मध्ये व्हिएतनाममधल्या सायगावहून निघाली, तिचा इथेच हिरमोड झाला. तरी हट्ट सुटेना. १८९३ मध्ये लाओस ताब्यात घेताना त्यांनी खोन बेटावर रूळ टाकले आणि आगबोटी गाड्यांवर चढवून धबधब्याच्या वरच्या अंगाला नेल्या. पुढे शेजारच्या देत बेटापर्यंत बांधलेला त्या रेल्वेचा पूल अजून उभा आहे. (भूगोलाच्या तासाला हे कुणी सांगितलं असतं, तर मी मागच्या बाकावर झोपलो नसतो. तुमच्या तासाबद्दल बोलत नाही!)

‘आळशी’ हा शब्द मात्र मागे घ्या, सर. १९६४ ते १९७३ या काळात अमेरिकेने या देशावर २० लाख टनांहून जास्त बॉम्ब टाकले, म्हणजे नऊ वर्षं रात्रंदिवस सरासरी दर आठ मिनिटांना एक विमानभर. तेही १९६२ च्या जिनिव्हा कराराने देश तटस्थ ठरलेला असताना. १९५४ पासून तिथल्या शांततेवर देखरेख करणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगाचं अध्यक्षपद आपल्या भारताकडे होतं. बघत राहण्यापलीकडे त्या आयोगाच्या हाती फारसं काही नव्हतं. टाकलेल्या क्लस्टर बॉम्बमधले कोट्यवधी छोटे बॉम्ब फुटलेच नाहीत. लाओ लोक त्यांना ‘बोंबी’ म्हणतात. चेंडूएवढे असतात, पोरं खेळायला उचलतात. शिएंग ख्वांगसारख्या प्रांतात नवं शेत काढायचं, तर कुदळ मारण्याआधी जमीन तपासून घ्यावी लागते. त्याच प्रांतातल्या नापिया गावात बॉम्बच्या ॲल्युमिनियमचे चमचे ओततात. आळशी माणसं एवढा खटाटोप करतील?

राहिली रेल्वे. ३ डिसेंबर २०२१ ला ती सुरू झाली, राजधानी व्हिएन्तिएन ते चीनच्या सीमेवरचं बोतेन, ४१४ किलोमीटर. घाटातला दिवसभराचा प्रवास आता काही तासांवर आलाय, हे मला मान्यच आहे. तिच्यासाठी आणि धरणांसाठी काढलेल्या कर्जाने किप, म्हणजे लाओसचं चलन, किती घसरला, ते मूळ लेखात आहेच. पण माल समुद्रापर्यंत न्यायचा म्हणजे पुढे थायलंडचे रूळ लागतात. ते मीटरगेज, चीनचे त्याहून रुंद. म्हणून व्हिएन्तिएनजवळ थानालेंगला क्रेनने कंटेनर एका गाडीतून उचलायचा आणि दुसरीत ठेवायचा.