मोजणी आपल्याकडेही व्हावी
अमेरिकी वृत्तपत्रांत कृष्णवर्णीय आणि महिला पत्रकार कमी का, हा लेख मनापासून पटला. तिथल्या संपादक संघटनेने १९७८ मध्येच ठरवलं होतं की २००० पर्यंत न्यूजरूममध्ये अल्पसंख्याक वंशांचं प्रमाण लोकसंख्येइतकं करायचं. जमलं नाही, पण निदान मोजत तरी राहिले. आपल्याकडे ऑक्सफॅम ही स्वयंसेवी संस्था आणि न्यूजलाँड्री हे वृत्त-संकेतस्थळ यांच्या २०१९ च्या पाहणीत माध्यमांतल्या १२१ वरिष्ठ पदांपैकी १०६ उच्चवर्णीयांकडे होती, दलित-आदिवासी एकही नाही! ज्या पुण्यात १८७७ साली सत्यशोधक चळवळीचा ‘दीनबंधु’ हा अंक सुरू झाला (तानूबाई बिर्जे पुढे त्याच्या संपादक झाल्या), तिथे दैनिकात पत्रकार असलेल्या माझ्या मुलीने महापालिकेचं बीट (म्हणजे तिथल्या बातम्यांची जबाबदारी) मागितलं, तर ‘रात्री उशीर होतो’ म्हणून तिला पुरवणीतल्या पाककृती तपासायला बसवलं. पुण्यातल्या दैनिकांनी आपल्या संपादकीय विभागात कोण कोण आहे, याची आकडेवारी दरवर्षी छापावी.