ज्युनियर कॉलेज, पण अकरावी-बारावीचं नाही

आपल्याकडे ज्युनियर कॉलेज म्हटलं की डोळ्यांसमोर अकरावी-बारावी येते. अमेरिकेत हाच शब्द रुजला तो बारावीनंतरच्या दोन वर्षांसाठी, म्हणजे आपल्या भाषेत एफवाय-एसवाय. तिथल्या कम्युनिटी कॉलेजांचा (या दोन वर्षांच्या कॉलेजांचं आजचं प्रचलित नाव) इतिहास वाचताना बरेच जण इथेच चकतात.

यातलं सर्वात जुनं सरकारी कॉलेज इलिनॉय राज्यातल्या जोलिएटचं. शिकागोच्या नैर्ऋत्येला असलेलं हे गाव चुनखडीच्या खाणी आणि पोलाद कारखान्यांचं. १९०० च्या जनगणनेत लोकसंख्या २९ हजारांच्या आसपास होती. शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर यांना पदवीची पहिली दोन वर्षं विद्यापीठाबाहेर न्यायची होती. जोलिएट टाउनशिप हायस्कूलचे प्रमुख जे. स्टॅन्ली ब्राऊन यांनी १९०१ मध्ये हायस्कूलमध्येच बारावीपुढचे वर्ग सुरू केले. विद्यार्थी किती? ६.

कौतुक बहुतेक वेळा हार्परच्या कल्पनेचं होतं. माझ्या मते खरी कसोटी ब्राऊनची होती. वर्ग कोणीही भरवेल. इथे शिकलेलं दुसरीकडे धरलं जाईल का, हा प्रश्न सोडवणं महाकठीण. विद्यार्थी पुढे विद्यापीठात गेला आणि त्याला पुन्हा पहिल्या वर्षाला बसवलं, तर दोन वर्षं वाया. म्हणून अभ्यासक्रम विद्यापीठाच्या पहिल्या दोन वर्षांशी जुळता ठेवावा लागला.

सगळं अडतं ते क्रेडिटवर. ढोबळ हिशोब असा: आठवड्याला ५० मिनिटांचा एक तास, सुमारे १५ आठवडे, की झालं १ क्रेडिट. नेहमीचा विषय ३ क्रेडिटचा. असोसिएट पदवीला (दोन वर्षांची छोटी पदवी) साधारण ६०, बॅचलरला १२०. कागदावर निम्मं काम झालेलं दिसतं, पण विद्यापीठ ६० च्या ६० क्रेडिट घेऊनही त्यातली काही 'ऐच्छिक' खात्यात टाकू शकतं. मग ती एकूण बेरजेत धरली जातात, मुख्य विषयात नाहीत, आणि पदवी लांबते. दुसरा घोळ पदवीच्या प्रकाराचा. असोसिएट इन आर्ट्स किंवा सायन्स ही पुढे शिकायला जाण्यासाठीच आखलेली. अप्लाइड सायन्सची पदवी थेट नोकरीसाठी. दुसरी घेऊन विद्यापीठात गेलं की बरीच क्रेडिट गळतात. इलिनॉयने यावर उपाय म्हणून राज्यभरासाठी सामायिक पायाभूत विषयांचा ३७ ते ४१ क्रेडिटचा गठ्ठा ठरवला. तो लागू झाला १९९८ मध्ये! जोलिएटच्या पहिल्या वर्गानंतर जवळपास शंभर वर्षांनी.

पैशाचा मुद्दा मात्र त्याआधीच, निदान काही अंशी, सुटला. सुरुवातीची कित्येक दशकं कॉलेज हायस्कूलच्या मंडळाच्या हाताखाली होतं. एकाच तिजोरीतून दोन घरं चालवायची म्हटली की धाकट्याच्या वाट्याला उरलंसुरलंच येतं. त्यात दुसऱ्या महायुद्धानंतर जी. आय. बिलामुळे (सैनिकांच्या शिक्षणाचा खर्च सरकारने उचलण्याचा कायदा) परतलेले सैनिक शिकायला आले आणि देशभर कॉलेजांवरचा भार वाढला. राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी उच्च शिक्षणासाठी नेमलेल्या आयोगाने १९४७ मध्ये 'कम्युनिटी कॉलेज' हे नाव देशभर पोचवलं. इलिनॉयने १९६५ मध्ये या कॉलेजांसाठी कायदा केला आणि १९६७ मध्ये जोलिएटचा वेगळा जिल्हा झाला, क्रमांक ५२५. स्वतःचं निवडून आलेलं मंडळ, स्वतःचा मालमत्ता कर. इथे 'जिल्हा' म्हणजे आपला कलेक्टरचा जिल्हा नव्हे. कॉलेजपुरती आखलेली कराची हद्द. त्या हद्दीत सात काउंट्यांचा (तिथले प्रशासकीय जिल्हे) कमी-अधिक भाग येतो.

म्हणून १९०१ हा जन्म धरला, तरी कॉलेज स्वतःच्या पायावर उभं राहिलं ते १९६७ लाच, असं माझं मत. कर, विद्यार्थ्यांची फी आणि राज्याचं अनुदान या तीन पायांवर ते टेकलं. राज्याने हात आखडला की फी वाढते. कर वाढवायला मतदार सहजी राजी होत नाहीत. या तिढ्यातून तिथलं एकही कम्युनिटी कॉलेज सुटलेलं नाही.

गंमत म्हणजे देशभरच्या बहुतेक कॉलेजांनी नावातलं 'ज्युनियर' टाकलं, पण जोलिएटने ठेवलं. पाटीवर आजही जोलिएट ज्युनियर कॉलेजच आहे.