सव्वा महिना पाळा, पण धुरी बंद करा

बाळंतिणीच्या खोलीत धुरी देऊ नका. हे मी आजी म्हणून लिहितेय. जुन्या रीती मोडायची मला मुळीच हौस नाही. मुलगी बाळंतपणाला माझ्याकडे घणसोलीला आलीय, आणि 'ओव्याची धुरी दिली का गं?' असं रोज कुणी ना कुणी विचारतंय. म्हणून सगळ्यांना एकदाच सांगते.

आमच्या आईने गावी धुरी दिली ती कौलारू घरात. धूर कौलांतून वर निघून जायचा. इथे घणसोली काय, कळवा काय नि घोडबंदर काय, दहा बाय दहाची खोली, सरकत्या काचेची खिडकी, आणि डासांमुळे तीही तिन्हीसांजेला बंद. त्यात निखारे ठेवले तर धूर जाणार कुठे? नवजात बाळ मिनिटाला 40 ते 60 श्वास घेतं, आपल्या जवळजवळ तिप्पट. शिवाय बंद खोलीत निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू सुटतो, त्याला वासही नसतो. बाळाला कोरडं ठेवायचं हा धुरीमागचा हेतू चांगलाच होता. ते काम आता मऊ टॉवेल आणि कोरडं दुपटं करतं.

माझं मत साधं आहे. बाळाच्या अंगावरून हात फिरतो ते बहुतेक सगळं राहू द्या. तोंडात, नाकात, कानात, डोळ्यांत, बेंबीत जे घातलं जातं ते थांबवा. मालिश जरूर करा, खोबरेल तेलाने, हलक्या हाताने. पण मालिशवाल्या मावशी नाकात तेलाचे थेंब सोडायला लागल्या, छाती पिळायला लागल्या किंवा डोकं दाबून 'गोल' करायला लागल्या, तर तिथेच हात धरा. त्या वयाने मोठ्या असल्या तरी धरा. नाकातलं तेल फुफ्फुसात जाऊ शकतं. टाळूवर तेलाचा हात फिरवला तर बिघडत नाही, दाबू मात्र नका. बेंबीची नाळ कोरडी ठेवली की आपोआप गळते. हळद नको, राख नको, पावडर नको.

सोनं-मधाचं चाटणही नको. मध वर्षभर नकोच, त्यातून बॉट्युलिझम, म्हणजे स्नायू लुळे पाडणारा गंभीर आजार, होऊ शकतो. सहाणेवर उगाळलेली गुटीसुद्धा नको, आणि हे लिहिताना मला जड जातंय, कारण वेखंड-मुरडशेंगेच्या वासात आमचं बालपण गेलं. पण सहा महिने फक्त आईचं दूध. मे महिन्यातही वरचं पाणी नको, दुधात 87 टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं. काजळाऐवजी तळपायाला तीट लावा, नजर तिथूनही चुकते.

मात्र सव्वा महिन्याची रीत आपण सोडून दिली, याचं मला मनापासून वाईट वाटतं. बाळंतिणीने निजावं, कुणी पाहुणा खोलीत येऊ नये, हे सगळं त्यात होतं. आता तिसऱ्या दिवशी अख्खी सोसायटी दारात. प्रत्येकाला बाळ हातात हवं, प्रत्येकाला फोटो हवा. रेल्वेच्या गर्दीतून आलेला माणूस हात न धुता बाळाची पापी घेतो आणि मुलीला 'दूध पुरतं का?' विचारून रडवून जातो. त्याला दारातूनच परत पाठवणं हे आजीचं काम आहे. राग आला तर आजीवर येऊ दे.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्या बायकांनाच शिकवून घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली. तिथले नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून जास्त घटले, आणि 1999 मध्ये ते 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. त्यावरूनच पुढे आशाताईंच्या गृहभेटी देशभर ठरल्या: 3, 7, 14, 21, 28 आणि 42 वा दिवस. आपल्या सव्वा महिन्याच्या किती जवळ! टॉवरमध्ये राहणाऱ्यांना वाटतं, हे आपल्यासाठी नाही. आहे. जवळच्या नागरी आरोग्य केंद्रात नाव नोंदवा.

कावीळ ट्यूबलाइटच्या उजेडात कळत नाही. दिवसा खिडकीपाशी नेऊन बघा. तळहात-तळपाय पिवळे दिसले तर त्याच दिवशी डॉक्टर; कोवळं ऊन हा त्यावर इलाज नाही. बाळ दूध ओढेना, सुस्त पडलं, अंग तापलं किंवा गार पडलं, श्वास मिनिटाला 60 च्या वर गेला, छाती आत ओढली जाऊ लागली, तर दृष्ट काढत बसू नका. रुग्णवाहिकेसाठी 102 ला फोन करा आणि निघा, रात्रीचे दोन वाजले असले तरी.