रेंज येत नाही म्हणून कोणताही फोन घ्यायचा?

‘काका, तुमच्या गावाक रेंज येता खंय? मगे खंयचोय घेवा, काय फरक पडता?’ काल कणकवलीतल्या एका मोबाईलच्या दुकानात काउंटरपलीकडच्या मुलाने मला हे उत्तर दिले. मी विचारले एवढेच होते की, समोर मांडलेल्या दोन फोनांपैकी ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा (म्हणजे टॉवरच्या लहरींचा तो विशिष्ट गट) कोणता फोन पकडतो. दोन्ही फोन वीस हजारांच्या आसपासचे, दोन्हींची खोकी सारखीच चकचकीत, आणि दोन्हींपैकी एकाच्याही खोक्यावर या प्रश्नाचे उत्तर छापलेले नाही. त्या मुलाला उत्तर ठाऊक नव्हते याचा मला राग नाही, कारण ते त्याला कोणी शिकवलेलेच नसणार. राग याचा आहे की प्रश्नच निरर्थक आहे असे त्याने गृहीत धरले, आणि तो आमच्याच जिल्ह्यातला, मालवणी बोलणारा, कदाचित स्वतःच्या घरीही पडवीच्या एका ठरावीक कोपऱ्यात उभा राहून फोन लावणारा मुलगा होता.

अहो, रेंज कमी येते म्हणूनच फोन पारखून घ्यावा लागतो. ज्याच्या खिडकीतून टॉवर दिसतो त्याने डोळे मिटून कोणताही उचलावा, त्याचे काही बिघडत नाही. आमची वाडी सड्याच्या, म्हणजे कातळी पठाराच्या, खाली, व्हाळाच्या (ओढ्याच्या) कडेला. घर चिऱ्याचे, भोवती आंब्याच्या कलमांची दाट झाडी. इथपर्यंत ३३०० मेगाहर्ट्झच्या लहरी पोहोचतापोहोचताच दमतात, आणि ७०० मेगाहर्ट्झच्या लहरी मात्र दूरवर जातात आणि भिंतीतूनही अधिक चांगल्या आत येतात, हे भौतिकशास्त्र आहे, माझी लहर नव्हे. २०२२ च्या लिलावात खासगी कंपन्यांपैकी एकट्या जिओने ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा घेतला, आणि बीएसएनएलची जी स्वदेशी फोर-जी सेवा २७ सप्टेंबर २०२५ रोजी देशभर सुरू झाली तिच्यातही हाच पट्टा महत्त्वाचा आहे. फोनच्या माहितीत या पट्ट्याचे नाव फाइव्ह-जीसाठी एन २८ आणि फोर-जीसाठी बँड २८ असे असते. म्हणजे फाइव्ह-जीच्या यादीत एन २८ आणि फोर-जीच्या यादीत बँड २८ आहे की नाही, या दोन नोंदींवर माझ्या घरात फोन लागणार की नाही हे ठरते. वाय-फाय कॉलिंगचेही तसेच आहे. घरी फायबर आले असेल तर रेंज नसतानाही बोलता येते, पण त्यासाठी ती सोय सिमच्या कंपनीने आणि त्या विशिष्ट फोनने, दोघांनीही दिलेली असावी लागते. ऐन हंगामात मुंबईचा व्यापारी भाव सांगायला फोन करतो तेव्हा तो लागला नाही तर पेट्या दुसऱ्याच्या गाडीत चढतात. हा फरक पडतो.

पण दुकानात मला काय वाचून दाखवण्यात आले? कॅमेरा पन्नास मेगापिक्सेल, पडदा १२० हर्ट्झ, चार्जिंग ६७ वॉट. ‘आठ अधिक आठ, सोळा जीबी रॅम’ हेही मोठ्या आवाजात, आणि ती पुढची आठ म्हणजे साठवणुकीतलीच जागा उसनी घेऊन रॅम म्हणून मोजलेली आहे, हे मी सांगेपर्यंत कोणी बोलले नाही. साठवणूक खऱ्या रॅमच्या वेगाच्या जवळपासही येत नाही. तरी खोक्यावर सर्वांत जाड अक्षरांत तोच सोळाचा आकडा. मागे तीन भिंगे दिसावीत म्हणून दोन मेगापिक्सेलचा एक मॅक्रो कॅमेरा बसवलेला, ज्याने काढलेल्या चित्रात मोहोरावरचा तुडतुडा आणि कागदावरचा डाग यांतला फरक कळत नाही. त्या भिंगाचे पैसे चार्जिंगच्या पोर्टच्या रबरी सीलवर खर्च केले असते तर मी त्या कंपनीला मनापासून दुवा दिला असता. पडद्याच्या उजेडाचा चार आकडी निट्सचा (निट हे उजेडाचे माप) दावा तर पडद्याच्या एका लहानशा तुकड्यापुरता आणि काही क्षणांपुरता असतो. दुपारी बारा वाजता बागेत उभे राहून क्यूआर कोड दाखवायचा असेल तेव्हा संपूर्ण पडदा किती उजळतो, तो आकडा कुठेच नसतो.

दुसऱ्या फोनच्या खोक्यावर सैनिकी मानकाचा, ‘मिल-एसटीडी-८१०एच’चा, शिक्का आहे. तो दाखवून मला सांगण्यात आले की हा घ्या, हा मजबूत आहे, कोकणात हाच टिकेल. मी विचारले की त्या मानकातल्या कोणत्या चाचण्या या फोनने पार केल्या आहेत. त्या मानकात पद्धत क्रमांक ५०९ ही खास खारट धुक्याची आहे, आणि किनाऱ्यावरच्या माणसाला बाकी सगळ्या सोडून तीच एक हवी असते. परंतु मानकातल्या सर्वच चाचण्या करण्याची सक्ती नसते, कंपनी आपल्याला हव्या त्या निवडू शकते आणि शिक्का मात्र अख्ख्या मानकाचा मिरवते. उंचावरून पाडून पाहिलेला फोन मला नको आहे, मी तो पाडत नाही. मला तो मिठात टिकायला हवा आहे.

आयपी ६८ चीही, म्हणजे धूळ-पाण्यापासूनच्या संरक्षणाच्या आकड्याचीही, हीच फसवणूक आहे, आणि तिला मी फसवणूकच म्हणेन. आयपी ६७ म्हणजे एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास, आणि ६८ म्हणजे त्याहून कठीण, कंपनीने स्वतः ठरवलेल्या अटींवर. पण ही चाचणी गोड्या पाण्यात होते. समुद्राचे पाणी, घाम आणि खारा वारा यांविषयी तो आकडा अवाक्षर काढत नाही. इथे फोन पाण्यात पडावाच लागत नाही. हवेतले मीठ चार्जिंगच्या पोर्टमध्ये हळूहळू साठत जाते. हवेतली आर्द्रता पंचाहत्तर टक्क्यांच्या वर गेली की ते मीठ स्वतःच ओलावा ओढून विरघळते, पिनांच्या मध्ये वीज वाहून नेणारा पातळ थर तयार होतो, आणि चार्जर लावलेला असताना विजेच्या दाबाखालच्या पिना गंजू लागतात. जूनपासून सप्टेंबरपर्यंत आमची आर्द्रता पंचाहत्तरच्या खाली येतेच किती वेळ? म्हणून दर पावसाळ्यात ‘पोर्टमध्ये ओलावा आढळला’ अशी सूचना झळकते, चार्जिंग थांबते, आणि माणसे फोन तांदळाच्या डब्यात पुरून ठेवतात, ज्याने मीठ तसूभरही हलत नाही, उलट तांदळाची भुकटी आत जाते.

माझा आधीचा फोन असाच गेला. तो कधी पाण्यात पडला नव्हता, पावसात भिजला नव्हता, आणि वॉरंटी शिल्लक होती. घाट चढून कोल्हापूरच्या सेवाकेंद्रात गेलो तर तिथल्या माणसाने सिमच्या खाचेत विजेरीचा उजेड मारला, आतली ओलावा दाखवणारी चिकटपट्टी लाल झालेली दाखवली आणि ‘लिक्विड डॅमेज, वॉरंटीत बसत नाही’ असे म्हणून पुढचा टोकन पुकारला. जलरोधक म्हणून विकलेल्या फोनच्या वॉरंटीतही पाण्याने झालेले नुकसान बहुधा वगळलेलेच असते. मग तो आकडा खोक्यावर छापता कशासाठी? आणि जिल्ह्यात फोन विकायला तालुक्यागणिक दुकाने उघडता, मग दुरुस्तीला डोंगर ओलांडायला का लावता? सुटा भाग मागवू म्हणतात, बोर्डच बदलावा लागेल म्हणतात, आणि बोर्डची किंमत सांगतात ती जवळपास नव्या फोनएवढी.

‘नेटवर बघा’ हा सल्लाही कालच्या दुकानात मिळालाच. बघितले. परीक्षणे करणारी मंडळी थंडगार खोलीत बसून एका खेळात सेकंदाला किती चित्रे पडतात ते मोजतात, आठवडाभरात फोन परत करतात आणि ‘या किमतीत उत्तम’ असा निकाल देतात. त्यांतल्या एकाने फोन पाण्याच्या भांड्यात बुडवून दाखवला, बाटलीतले पाणी ओतून. एकानेही तो एक पावसाळा किनाऱ्यावर वापरून मग तोंड उघडलेले नाही. जलद चार्जिंगचे गुणगान मात्र सगळ्यांनी केले. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याला घासून गेले तेव्हा आमच्याकडे दिवसेंदिवस वीज नव्हती, आणि वीजच नसताना ६७ वॉटचा चार्जर भिंतीला लावून काय होणार? तिथे बॅटरीत मुळात किती साठा आहे आणि कमकुवत रेंज शोधताना फोन ती किती भराभर पितो, हेच महत्त्वाचे असते. रेंज जितकी क्षीण, तितकी जास्त शक्ती लावून फोनला टॉवरपर्यंत बोलावे लागते, त्यामुळे शहरात दोन दिवस पुरणारी बॅटरी आमच्याकडे संध्याकाळीच मान टाकते. हे कोणत्या परीक्षणात येते?

आणि ऑनलाइन स्वस्त मिळतो म्हणावे, तर जुना फोन देऊन मिळणारी सवलत ‘आपल्या पिनकोडवर उपलब्ध नाही’. एक एप्रिल २०२० पासून मोबाईलवरचा जीएसटी बारावरून अठरा टक्के झाला. तो मी पुण्या-मुंबईच्या माणसाइतकाच भरतो, त्यात पिनकोड कधी आडवा आला नाही.

युरोपात २० जून २०२५ पासून विकायला येणाऱ्या प्रत्येक फोनसोबत माहितीची एक पट्टी (लेबल) द्यावी लागते. बॅटरी किती वेळा भरल्यावर ऐंशी टक्क्यांवर येते, फोन पडल्यावर किती टिकतो, दुरुस्तीला किती सोपा आहे, धूळ-पाण्यापासून किती सुरक्षित आहे, हे सारे त्या एका कागदावर असते. विक्री थांबल्यावरही किमान पाच वर्षे सॉफ्टवेअरचे अपडेट आणि सात वर्षे सुटे भाग देणे तिथे बंधनकारक आहे. त्याच कंपन्या, त्याच कारखान्यांतले फोन तिथे या अटी मुकाट्याने पाळून विकतात. आपल्याकडे ग्राहक व्यवहार खात्याच्या समितीने दुरुस्तीसुलभतेच्या निर्देशांकाचा अहवाल २०२५ मध्ये दिला, पण कालच्या त्या दोन खोक्यांवर मला मेगापिक्सेलच दिसले. युरोपची पट्टी जशीच्या तशी आणली तरी आमचे पूर्ण भागणार नाही, कारण मीठ तिच्यातही नाही. शेकडो किलोमीटर किनारा असलेल्या राज्यात फोन विकणाऱ्याला खारट धुक्याची चाचणी केली किंवा केली नाही, एवढे एक वाक्य आणि फोन पकडतो त्या लहरींच्या पट्ट्यांची संपूर्ण यादी खोक्यावर छापायला लावणे हे काही अवघड काम नाही. बिस्किटाच्या पुड्यावर मिठातले सोडियम किती ते छापतात.

मोहोर आला आहे, हंगामापूर्वी नवा फोन घ्यावाच लागणार. कालच्या दोनांपैकी पहिल्या फोनचा कॅमेरा खरोखर चांगला आहे, आणि पेटी उघडून फळाचा फोटो पाठवायचा तर त्याचा उपयोग झाला असता. पण त्याच्या सुरक्षा अपडेटची मुदत दुसऱ्यापेक्षा वर्षाने कमी आहे, आणि ज्या फोनवरून सगळे व्यवहार यूपीआयने होतात त्यावर मी तो धोका पत्करणार नाही. म्हणून दुसरा घेणार आहे, त्या सैनिकी शिक्क्यावर काडीचा विश्वास न ठेवता. आधी खोक्यावरचा पूर्ण मॉडेल क्रमांक उतरवून घेणार, त्याच क्रमांकाच्या भारतीय आवृत्तीत बँड २८ आणि एन २८ आहेत याची कंपनीकडून लेखी खात्री मागणार, आणि दुकानदाराकडून तोच क्रमांक बिलावर घालून घेणार. खात्री दिल्यावर पट्टा निघाला नाही, तर ते बिल हातात घेऊन राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार करणार आहे.